राजाबाजारचे भौतिकशास्त्र

कलकत्ता विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग दोन वकिलांच्या पैशांतून उभा राहिला. १९१२ साली तारकनाथ पालित यांनी जमीन आणि रोकड मिळून सुमारे १५ लाख रुपये विद्यापीठाला दिले. पुढच्याच वर्षी रासबिहारी घोष यांनी त्यात १० लाखांची भर घातली. दोघांची मुख्य अट एकच होती. या पैशांतून निर्माण होणाऱ्या अध्यासनांवर भारतीय माणूसच बसला पाहिजे. विज्ञान शिक्षणातील वरच्या जागा तेव्हा बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांकडे असत, त्यामुळे ही अट साधी नव्हती. कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी यांनी २७ मार्च १९१४ रोजी अप्पर सर्क्युलर रोडवरील ९२ क्रमांकाच्या जागेत विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसवली. तो भाग राजाबाजारचा, म्हणून पुढे 'राजाबाजार सायन्स कॉलेज' हेच नाव रूढ झाले.

पुढच्या चाळीस वर्षांत या विभागात जे संशोधन झाले, ते कोणी आखून दिले नव्हते. तारेची कंपने, ताऱ्यांचे तापमान, समुद्राचा रंग, आकाशातून परतणाऱ्या रेडिओ लहरी, अणुकेंद्रक अशा एकमेकांपासून दूरच्या विषयांवर एकाच विभागातले प्राध्यापक काम करत राहिले. कोणाच्या वाट्याला कोणता विषय आला हे पाहिले, तर त्यामागे क्वचितच एखादी योजना दिसते. शिकवायला आलेला पेपर, हाताशी आलेले पुस्तक, परदेशात अडकून पडलेली वर्षे, कपाटात पडून असलेले उपकरण यांचाच त्यात मोठा वाटा आहे.

सुरुवातच अडचणीची झाली. भौतिकशास्त्राच्या घोष अध्यासनासाठी देबेंद्रमोहन बोस यांची निवड झाली आणि ते पुढील शिक्षणासाठी १९१४ साली बर्लिनला गेले. महायुद्ध पेटले आणि ते तिथेच अडकले. परत आले ते १९१९ मध्ये. पालित अध्यासनासाठी चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नाव ठरले होते, पण ते सरकारच्या वित्त खात्यात वरिष्ठ अधिकारी होते. शिवाय प्राध्यापकाने आधी परदेशात प्रशिक्षण घेतलेले असावे, असे देणगीच्या शर्तींत होते. रामन यांनी त्याला स्वच्छ नकार दिला, आणि आशुतोषबाबूंनी शर्तच बदलून घेतली. रामन प्रत्यक्ष रुजू झाले जुलै १९१७ मध्ये, तेही वित्त खात्यातल्यापेक्षा कमी पगारावर. म्हणजे १९१६ साली पदव्युत्तर वर्ग उघडले, तेव्हा विभागाच्या दोन्ही अध्यासनांवर माणूस नव्हता. प्रयोगशाळा लावायची जबाबदारी ज्या शैलेन घोष या तरुणाकडे होती, त्याच्यामागे क्रांतिकारकांशी असलेल्या संबंधांमुळे पोलीस लागले आणि तो अमेरिकेला निसटला.

वर्ग चालवले ते नुकत्याच एम.एस्सी. झालेल्या मुलांनी. १९१५ च्या मिश्र गणिताच्या परीक्षेत सत्येंद्रनाथ बोस पहिले आणि मेघनाद साहा दुसरे आले होते. दोघांनाही आधी गणित विभागात घेतले, मग भौतिकशास्त्राकडे वळवले. जे विषय त्यांना स्वतःला कोणी शिकवले नव्हते, तेच आता शिकवायचे होते. पुंज सिद्धांत आणि सापेक्षता या गोष्टी इंग्रजी क्रमिक पुस्तकांत अजून उतरल्या नव्हत्या. त्या जर्मन नियतकालिकांत होत्या, आणि युद्धामुळे जर्मनीहून छापील कागद येणे बंद होते. शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात पॉल ब्रूल नावाचे जर्मन वंशाचे प्राध्यापक होते. ते मूळचे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक, पण त्यांच्या खाजगी संग्रहात भौतिकशास्त्राची उत्तम जर्मन पुस्तके होती. ती या दोघांना वाचायला मिळाली. साहांना जर्मन येत होते, बोस यांनी ते शिकून घेतले. १९१८ साली वायूच्या अवस्था समीकरणावर दोघांचा एकत्र निबंध लंडनच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये आला. १९२० मध्ये विद्यापीठानेच त्यांनी केलेले आइनस्टाइन आणि मिंकोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले; त्याला ऐतिहासिक प्रस्तावना प्रशांतचंद्र महालनोबीस यांची होती. सापेक्षतेच्या मूळ निबंधांच्या इंग्रजी भाषांतरांत हे अगदी पहिल्यांपैकी आहे. पंचविशी-सव्विशीतल्या दोन अधिव्याख्यात्यांनी वर्गात शिकवण्याच्या गरजेतून ते केले, ही या विभागाच्या इतिहासातली सर्वांत अभिमानाची गोष्ट मानायला हरकत नाही.

साहांचे पुढचे संशोधनही वर्गातूनच निघाले. त्यांच्याकडे उष्मागतिकी आणि वर्णपटशास्त्र हे विषय होते, आणि सूर्य व तारे यांच्याविषयीची अॅग्नेस क्लर्क यांची पुस्तके त्यांनी आवडीने वाचलेली होती. सूर्याच्या वर्णपटात एक जुने कोडे होते. खग्रास ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या कडेवर जो पातळ तेजस्वी थर दिसतो, त्यात कॅल्शियमच्या दोन विशिष्ट रेषा फार उंचावर, इतर बहुतेक मूलद्रव्यांच्या वर दिसतात. कॅल्शियमचा अणू हायड्रोजनच्या चाळीसपट जड. तो इतका वर कसा? शिवाय या रेषा साध्या कॅल्शियमच्या नव्हत्या. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या, म्हणजे आयनीभूत कॅल्शियमच्या होत्या. वर जावे तसे तापमान वाढत नाही असे तेव्हा मानले जाई. मग तिथे अणू अधिक फुटतात कशाने?

साहांचे उत्तर असे. अणूतून इलेक्ट्रॉन सुटणे आणि पुन्हा त्याला जाऊन मिळणे ही एखाद्या रासायनिक अभिक्रियेसारखी दोन्ही बाजूंनी चालणारी क्रिया मानावी. सुटण्यासाठी ऊर्जा लागते, ती तापमानातून मिळते. पण पुन्हा जुळण्यासाठी मोकळा इलेक्ट्रॉन भेटावा लागतो, आणि दाब कमी असेल तिथे तो भेटणे दुर्मीळ. म्हणून विरळ थरात, तापमान फार नसतानाही, आयनीभवन जवळजवळ पूर्ण होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ जॉन एगर्ट यांनी ताऱ्यांच्या अंतर्भागासाठी अशीच कल्पना १९१९ मध्ये मांडली होती, परंतु आयनीभवनाला लागणारी ऊर्जा त्यांनी अंदाजाने धरली होती. साहांनी तिथे प्रयोगशाळेत मोजलेले आकडे घातले. कॅल्शियमसाठी हा आकडा सुमारे ६.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, हेलियमसाठी सुमारे २४.६. या फरकातूनच कोणत्या ताऱ्यात कोणत्या रेषा दिसणार हे ठरते. निळ्या, अतितप्त ताऱ्यांत हेलियमच्या रेषा का असतात, सूर्यात रुबिडियम आणि सीझियम का सापडत नाहीत, सूर्यडागांच्या थंड भागात ती कुठे शोधावीत, या सगळ्यांना एकाच समीकरणातून उत्तर मिळू लागले. ताऱ्याचा वर्णपट वाचून त्याचे तापमान सांगता येऊ लागले.

१९२० मध्ये हे निबंध प्रसिद्ध होऊ लागले. त्याच सुमारास साहा लंडनला आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथला ताऱ्यांच्या वर्णपटांचा संग्रह पाहून त्यांनी आपले काम अधिक घट्ट केले, पण त्याचा गाभा राजाबाजारात, दुर्बीण किंवा भट्टी नसलेल्या विभागात तयार झालेला होता. पाच वर्षांनी सेसिलिया पेन यांनी हार्वर्डमध्ये हेच समीकरण वापरून तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले असल्याचे दाखवले. साहा १९२१ मध्ये खैरा अध्यासनावर परतले. खैराच्या राजाच्या देणगीतून ते नुकतेच निर्माण झाले होते. मात्र प्रयोगांसाठी पैसा मिळेना, आणि १९२३ मध्ये ते अलाहाबादला गेले. सत्येंद्रनाथ बोस त्याआधी, १९२१ मध्ये, नव्या ढाका विद्यापीठात गेले होते. प्रकाशकणांची मोजणी करण्याची नवी रीत सांगणारा जो निबंध त्यांनी १९२४ मध्ये आइनस्टाइनना पाठवला, तो ढाक्याहून गेला. तोही वर्गात प्लांकचे सूत्र शिकवताना आलेल्या अडचणीतून निघालेला होता.

रामन यांचे वेगळे होते. त्यांचा विषय विद्यापीठात येण्याआधीच ठरलेला होता. १९०७ मध्ये सरकारी नोकरीनिमित्त कलकत्त्यात आल्यापासून ते सकाळी आणि संध्याकाळी बऊबाजार रस्त्यावरच्या २१० क्रमांकाच्या इमारतीत जात. ही इमारत इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सची. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकवर्गणीतून काढलेल्या या संस्थेत उपकरणे होती, वापरणारा कोणी नव्हता. पालित प्राध्यापकाला शिकवणे बंधनकारक नसतानाही रामन वर्ग घेत. परंतु त्यांचे प्रयोग आणि त्यांचे विद्यार्थी मुख्यतः बऊबाजारलाच असत. विद्यापीठाचा प्राध्यापक दुसऱ्या संस्थेत का राबतो, हा प्रश्न विद्यापीठात अनेकदा निघाला. प्रत्यक्षात दोन्ही संस्थांना त्याचा लाभ झाला.

रामन यांची पहिली ओढ ध्वनीची होती, आणि त्यातही वाद्यांची. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हा तार नेमकी कशी हलते, यावर त्यांचा १९१८ चा विस्तृत निबंध आहे. गजाचा वेग आणि दाब मोजून-मापून बदलता यावा म्हणून त्यांनी यंत्र बनवले, आणि त्यात गज स्थिर ठेवून व्हायोलिनच मागेपुढे सरकवले. १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी 'नेचर'मध्ये भारतीय चर्मवाद्यांवर टिपण लिहिले. मराठी वाचकाला तबला-पखवाज परिचयाचा आहे, म्हणून हे काम थोडे जवळून पाहण्याजोगे. साध्या ढोलाचे कातडे एकसारख्या जाडीचे असते. त्याच्या मूळ स्वराला १ धरले, तर पुढचे उपस्वर १.५९, २.१४, २.३० असे वेडेवाकडे येतात. त्यांचे एकमेकांशी जमत नाही, म्हणून ढोलातून नाद निघतो, सूर निघत नाही. तबल्याच्या पुडीवर मधोमध शाई असते. शाईमुळे मधला भाग जड होतो आणि कंपनांची सगळी गणितेच बदलतात. रामन यांनी दाखवले की पुडीच्या पहिल्या नऊ कंपनप्रकारांमधून मिळून फक्त पाच स्वर निघतात, आणि ते १, २, ३, ४, ५ अशा सुरेल प्रमाणात असतात. तिसऱ्या आणि चौथ्या स्वराला प्रत्येकी दोन कंपनप्रकार, पाचव्याला तीन. पुडीवर बारीक वाळू पसरली की ज्या रेषांवर कातडे हलत नाही तिथे ती गोळा होते, आणि प्रत्येक कंपनाची आकृती डोळ्यांना दिसते. वादक पुडीवर अनामिका टेकवून किनारीवर बोट मारतो, तेव्हा टेकवलेले बोट अशाच एका स्थिर रेषेवर असते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारागिरांनी कानाने जे साधले होते, त्याचे हे पहिले भौतिकशास्त्र. तानपुरा आणि वीणा यांच्या घोडीचे रहस्यही त्यांनी याच काळात उलगडायला घेतले.

१९२१ मध्ये विद्यापीठांच्या परिषदेसाठी रामन ऑक्सफर्डला गेले. परतीच्या प्रवासात, 'नारकुंडा' जहाजावरून भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहताना त्यांनी खिशातला निकोल लोलक डोळ्याला लावला. पृष्ठभागावरून परावर्तित झालेला आकाशाचा प्रकाश त्याने बाद होतो. तरी पाणी निळेच राहिले, उलट अधिक निळे दिसले. समुद्राचा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, हे लॉर्ड रॅले यांचे मत यामुळे टिकेना. पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात, असा निष्कर्ष निघाला. इथून ध्वनी मागे पडला आणि पुढची सात वर्षे द्रवांमधील प्रकाशाच्या विकिरणाला वाहिली गेली.

या कामात एक बारीकशी विसंगती वारंवार समोर येत होती. १९२३ मध्ये के. आर. रामनाथन यांना शुद्ध केलेल्या द्रवांतही विखुरलेल्या प्रकाशाबरोबर रंग बदललेला एक क्षीण प्रकाश दिसला. अशुद्धीमुळे येणारे प्रतिदीपन असेल असे मानून द्रव पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून पाहिला. तो प्रकाश गेला नाही. पुढे एस. वेंकटेश्वरन यांना ग्लिसरीनमध्ये तो हिरवट आणि ठळक ध्रुवीकृत दिसला. प्रतिदीपन सहसा असे ध्रुवीकृत नसते. के. एस. कृष्णन यांनी जानेवारी-फेब्रुवारी १९२८ मध्ये अनेक द्रवांवर हा प्रयोग केला. २८ फेब्रुवारीला पाऱ्याच्या दिव्याचा एकरंगी प्रकाश वापरून छोट्या वर्णपटदर्शकातून पाहिले, तेव्हा मूळ रेषेशेजारी नव्या रेषा स्पष्ट दिसल्या. प्रकाशाने आपल्या ऊर्जेचा थोडा भाग रेणूला देऊन टाकला होता, आणि किती दिला ते त्या रेणूच्या बांधणीवर अवलंबून होते. १९३० चे नोबेल पारितोषिक याच शोधाला मिळाले. या शोधाची उपकरणे स्वस्तातली होती हे नेहमी सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण विसंगती अशुद्धीच्या माथी न मारता पाच वर्षे तिच्यामागे लागणारे विद्यार्थी जमवणे, हे त्या उपकरणांहून कठीण काम होते. त्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण पुढे हवामान खात्यात गेले. वायूंमधील हा परिणाम अभ्यासणारे एल. ए. रामदास यांनी पुण्यात कृषी हवामानशास्त्राची शाखा उभी केली. वाद्यांच्या आणि आघातध्वनीच्या कामात रामन यांच्यासोबत असलेले सुधांशुकुमार बॅनर्जी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले.

बर्लिनहून परतलेल्या देबेंद्रमोहन बोस यांनी एरिख रेगेनर यांच्याकडे मेघपेटी शिकून घेतली होती. बाष्पाने भरलेल्या पेटीतून विद्युतभारित कण गेला की त्याच्या मार्गावर थेंबांची रेघ उमटते. राजाबाजारात त्यांनी अशी पेटी बांधून हेलियम आणि इतर वायूंतल्या अल्फा कणांच्या मार्गांची छायाचित्रे घेतली. चुंबकत्वावरही त्यांचे काम आहे. रामन १९३३ मध्ये बंगळूरला गेले, पालित अध्यासन बोस यांच्याकडे आले, आणि १९३८ मध्ये जगदीशचंद्र बोस यांच्या पश्चात ते बोस संस्थेचे संचालक झाले. तिथे त्यांच्यासोबत बिभा चौधुरी होत्या. १९३६ मध्ये याच विभागातून एम.एस्सी. झालेल्या त्या वर्गातल्या एकट्याच स्त्री. दोघांनी दार्जिलिंगच्या परिसरातल्या उंच डोंगरांवर छायाचित्रणाच्या काचा महिनोन्‌महिने ठेवल्या आणि त्यांत उमटलेल्या विश्वकिरणांच्या खुणांवरून एका नव्या कणाचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट असल्याचे सांगितले. हे निबंध 'नेचर'मध्ये आले. अधिक संवेदनशील काचा युद्धामुळे मिळाल्या नाहीत आणि काम थांबले. तीच पद्धत सुधारून सेसिल पॉवेल यांनी ब्रिस्टलमध्ये पायॉन हा कण शोधला आणि १९५० चे नोबेल मिळवले. चौधुरी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. त्यांच्या वाट्याला आयुष्यभरात आली त्याहून कितीतरी अधिक प्रसिद्धी त्यांच्या कामाला मिळायला हवी होती.

शिशिरकुमार मित्र यांनी आपला विषय मधेच बदलला. रामन यांच्या हाताखाली प्रकाशाच्या विवर्तनावर डॉक्टरेट करून ते १९२० मध्ये पॅरिसला गेले, तिथे शार्ल फाब्री यांच्याकडे दुसरी डॉक्टरेट केली. नंतर काही काळ मादाम क्युरींच्या संस्थेत काढून ते नॅन्सीला गेले आणि तिथे त्यांनी रेडिओच्या व्हॉल्व्हचे काम पाहिले. बिनतारी संदेशवहन हा विषय कलकत्त्याच्या अभ्यासक्रमात हवा, असे त्यांनी तिथूनच आशुतोषबाबूंना लिहिले. १९२३ मध्ये ते खैरा अध्यासनावर आले आणि विषय सुरू झाला. प्रयोगशाळेतल्या प्रक्षेपकावरून '२ सी झेड' या संकेतनामाने ध्वनिप्रक्षेपण होऊ लागले. देशात नियमित रेडिओ सुरू होण्याआधीची ही गोष्ट. आकाशात फेकलेली रेडिओ लहर ज्या विद्युतभारित थरांवर आदळून परत येते, त्यांतल्या ई थराचा प्रायोगिक पुरावा १९३० च्या सुमारास त्यांच्या गटाने भारतात मिळवला. या थरांचे आयनांबर हाच पुढे त्यांचा आयुष्याचा विषय झाला. त्यांचा 'द अपर अॅटमॉस्फिअर' हा ग्रंथ १९४७ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने काढला. वरच्या वातावरणावरचे इतके सर्वांगीण पुस्तक तोवर कुठेच नव्हते. १९५२ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली, १९५५ मध्ये रशियन भाषांतर आले. पहिले कृत्रिम उपग्रह सोडले जाण्याच्या काळात त्या क्षेत्रातले अभ्यासक हा ग्रंथ जवळ ठेवत. १९४९ मध्ये त्यांच्या विषयाची रेडिओ फिजिक्स अँड इलेक्ट्रॉनिक्स ही स्वतंत्र संस्था त्याच आवारात स्थापन झाली.

विभागात इतरही काम चालू होते. बिधुभूषण राय यांचे क्ष-किरण वर्णपटांवरचे आणि फणींद्रनाथ घोष यांनी १९२५ पासून वाढवलेले उपयोजित भौतिकशास्त्र ही त्यांतली ठळक.

१९३८ मध्ये साहा पालित प्राध्यापक म्हणून परतले. या वेळी त्यांना अणुकेंद्रकाचा ध्यास होता. १९४० मध्ये त्यांनी एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात केंद्रकीय भौतिकी आणली. त्यांचे विद्यार्थी बसंतीदुलाल नागचौधुरी बर्कलेला अर्नेस्ट लॉरेन्स यांच्याकडे सायक्लोट्रॉन, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र, शिकून १९४१ मध्ये आले. यंत्रासाठी मुंबईच्या सर दोराबजी टाटा ट्रस्टने ६०,००० रुपये दिले. चुंबकाचे भाग पोचले. निर्वात पंप घेऊन येणारे जहाज जपान्यांनी बुडवले, आणि यंत्र वर्षानुवर्षे रखडले. तरी विषय थांबला नाही. नीरजनाथ दासगुप्त यांनी भारतातले पहिले इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक इथेच बांधले. ११ जानेवारी १९५० रोजी इरेन जोलिओ-क्युरी यांच्या हस्ते न्यूक्लिअर फिजिक्स संस्थेचे उद्‌घाटन झाले. आज ती साहा यांच्या नावाने ओळखली जाते.

साहांची आस्था प्रयोगशाळेपुरती कधीच नव्हती. दामोदर नदीचे पूर हा त्यांचा जुना विषय. १९५२ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी सरकारने पंचांग सुधारणा समिती नेमली आणि त्यांना अध्यक्ष केले. समितीत नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे, 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर असे दोन महाराष्ट्रीय सदस्य होते. देशभरातली अनेक पंचांगे तपासून सायन गणनेवरचे एकच सौर कॅलेंडर त्यांनी सुचवले. २२ मार्च १९५७ हा दिवस १ चैत्र शके १८७९ म्हणून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. साहा त्याआधीच, १६ फेब्रुवारी १९५६ रोजी, दिल्लीत वारले होते.

फाळणीच्या दोन वर्षे आधी, १९४५ मध्ये, सत्येंद्रनाथ बोस ढाक्याहून खैरा अध्यासनावर परतले. त्यांच्या आवडींना एका चौकटीत बसवणे अवघड आहे. एकीकडे १९५३ ते १९५५ या काळात आइनस्टाइनच्या एकीकृत क्षेत्र सिद्धांतावर गणिती निबंध, दुसरीकडे खनिजांचे उष्मादीपन, म्हणजे तापवल्यावर निघणारा प्रकाश, मोजण्याचे उपकरण आणि क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना शोधण्याचे काम. विज्ञान मातृभाषेतून शिकवता येते हे त्यांचे ठाम मत होते. वर्गातही ते बंगालीत शिकवत, आणि १९४८ मध्ये त्यांनी बंगीय विज्ञान परिषद स्थापून 'ज्ञान ओ विज्ञान' हे मासिक सुरू केले. त्यांच्या विद्यार्थिनी पूर्णिमा सिन्हा यांनी युद्धानंतर भंगारात निघालेल्या लष्करी सामानातून भाग वेचून क्ष-किरण उपकरण जुळवले आणि त्यावर भारतातल्या वेगवेगळ्या मातींची रचना तपासली. त्याच कामावर १९५६ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. कलकत्ता विद्यापीठातून भौतिकशास्त्रात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षी बोस निवृत्त होऊन विश्वभारतीचे कुलगुरू म्हणून शांतिनिकेतनला गेले.